आत्याने काढलेली गाडी

कर्जतच्या भिसेगावातल्या आमच्या घरात स्वयंपाकघर आणि न्हाणीघर या दोन्हींची फरशी एकदमच उखडायची असं गवंड्याने ठरवलं, तेव्हा चार दिवस राहायचं कुठे असा प्रश्न आला. नवरा कामासाठी चेन्नईला गेलेला. घरात मी आणि माझी आत्या. आत्या एकोणऐंशी वर्षांची आहे. तिचे यजमान, आमचे काका, गेले तेव्हापासून, म्हणजे गेली अकरा वर्षं, ती माझ्याकडेच असते. तिची मुलगी नाशिकला. पण आत्याला कर्जत सोडवत नाही. नातेवाइकांकडे जाऊन राहायला ती साफ नाही म्हणाली. "सकाळी दुसऱ्याच्या घरात बाथरूमच्या दारावर टकटक करत उभं राहायचं माझं वय नाही," असं तिचं म्हणणं.

म्हणून मी हॉटेल बघायला लागले. आमच्या भागात हॉटेलांना आणि फार्महाउसांना काही तोटा नाही, पण माझ्या डोक्यात एकच जागा होती. खालापूरच्या बाजूला, हायवेपासून तीनेक किलोमीटर आत, काळ्या दगडाचं एक जुनं स्टेशन आहे. इंग्रजांच्या काळात दगडाच्या खाणीसाठी रेल्वेचा एक फाटा काढला होता, त्याचं हे शेवटचं टोक. नंतर त्या फाट्यावर दिवसातून दोनदा माणसांची गाडीही येऊन जाऊ लागली. पुढे खाण संपली, गाडी बंद झाली, रूळ उचलून नेले आणि इमारत कित्येक वर्षं शेळ्यांना सावली देत उभी राहिली. आता तिथे हॉटेल झालं आहे. गावाचं नाव लिहीत नाही. आत्याने लिहू नकोस म्हणून सांगितलं आहे.

काका त्या स्टेशनावर मास्तर होते. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं त्यांनी तिथेच काढली, आत्याचा संसार तिथेच सुरू झाला. एवढं मला माहीत होतं. पण आत्याच्या बोलण्यात लोणावळा यायचं, दौंड यायचं, मनमाडचं पाणी आणि मनमाडचा उन्हाळा यायचा; हे स्टेशन कधी यायचं नाही. मला वाटायचं, एवढीशी जागा, दोनच गाड्या, सांगण्यासारखं असणार तरी काय.

रिक्षात बसल्यावर मी तिला कुठे चाललोय ते सांगितलं. तिला आनंद होईल असं धरून चालले होते.

"स्टेशनात मुक्काम?" आत्या म्हणाली. "गाडी चुकली की करतात तो. हौसेने कुणी करतं का?"

आणि मग कुंभिवलीपर्यंत ती बाहेर गोदामं आणि टायरची दुकानं बघत बसली.

हॉटेल छान होतं, हे कबूल केलं पाहिजे. दिवाळी होऊन गेली होती, शाळा सुरू झाल्या होत्या आणि दिवस सोमवारचा, त्यामुळे गर्दी अशी नव्हतीच. दगडी भिंती स्वच्छ घासल्या होत्या. फलाटावर टेबलं मांडली होती आणि जिथे रूळ होते तिथे हिरवळ केली होती. एका टोकाला आठवण म्हणून रुळाचे दोन तुकडे ठेवले होते, त्यांना चकचकीत काळा रंग फासलेला. खोल्यांच्या दारांवर पितळी पाट्या होत्या. आमच्या खोलीवर लिहिलं होतं, 'प्रथम वर्ग महिला प्रतीक्षालय'.

आत्या पाटीसमोर उभी राहिली. चष्मा पुसून तिने ती परत वाचली.

"इथे पार्सलं ठेवायचे," ती म्हणाली. "आणि कोंबड्यांच्या टोपल्या. प्रथम वर्गातली बाई या स्टेशनावर मी तरी कधी पाहिली नाही."

हॉटेलची मॅनेजर आमच्या मागेच उभी होती. तिशीतली मुलगी, खालापूरचीच, मुंबईत नोकरी करून परत आलेली. ती मोकळेपणाने हसली. "आजी, तुम्ही इथे आला होतात का पूर्वी?"

मी पटकन सांगून टाकलं, "त्या राहायच्या इथे. त्यांचे यजमान स्टेशनमास्तर होते."

मॅनेजरचा चेहरा एकदम उजळला. पण आत्याने माझ्याकडे असं काही बघितलं की मी पुढचं सोडून बॅग उचलली.

स्टेशनमास्तरच्या ऑफिसात आता रिसेप्शन आहे. तिकिटाची खिडकी तशीच ठेवली आहे आणि तिच्या बाजूला काउंटरवर लोखंडाचं एक उभं यंत्र आहे, लाल रंगाचं, पुढे पितळी दट्ट्या आणि वर घंटा. दट्ट्या दाबला की घंटा वाजते. मुंबईहून आलेल्या एका कुटुंबातली लहान मुलगी स्टुलावर चढून तो दट्ट्या एकसारखा दाबत होती. टण टण टण टण टण. तिचे आईवडील फोटो काढत होते. मी रजिस्टरमध्ये सही केली, वळून बघते तर आत्या शेजारी नाही. फलाटाच्या पार दुसऱ्या टोकाला, बदामाच्या झाडाखाली जाऊन ती पाठमोरी उभी होती.

"बरं वाटत नाही का?" मी धावत जाऊन विचारलं.

"त्या पोरीला थांबव आधी," आत्या म्हणाली. "असं वाजवत नाहीत ते."

पोरगी तोवर कंटाळून निघूनही गेली होती. पण त्या दिवशी आत्याने रिसेप्शनमध्ये पाय ठेवला नाही. चहासुद्धा खोलीत मागवला. दुसऱ्या दिवशी सकाळीही तेच. खोलीच्या मागच्या दाराने बाहेर पडायची, बदामाखाली बाकावर बसायची, परत मागच्या दाराने आत. मला वाईट वाटायला लागलं. तिला इथे आणून मी चूक केली, फरशी गेली खड्ड्यात, उद्या परत जाऊ असं मी मनात ठरवलं आणि दुपारी जेवण झाल्यावर तिला तसं सांगितलंही.

"परत कशाला?" ती म्हणाली. "जागा चांगली आहे. वरणाला हिंग जास्त घालतात एवढंच." मग तिने बाकावर शेजारी जागा केली. "बस इथे. तुला एक सांगायचं आहे. पण कुणाला सांगू नकोस. माझी पेन्शन आहे."

मला हसू आलं, पण तिच्या चेहऱ्यावर हसण्यासारखं काही नव्हतं.

तिने जे सांगितलं ते असं. तेव्हा ती बावीस वर्षांची होती. त्यांचं क्वार्टर ऑफिसला लागूनच होतं, मध्ये एक भिंत. गाडी सोडायची तर दोन स्टेशनांमध्ये आधी घंटेच्या ठोक्यांनी बोलणं व्हायचं. आत्या स्वयंपाक करता करता ते ऐकायची. एक ठोका म्हणजे हाक. दोन म्हणजे रस्ता मोकळा आहे का. तीन म्हणजे गाडी निघाली. चार म्हणजे पोचली. रस्ता मोकळा आहे असं तिकडून कबूल झालं की यंत्रातून लोखंडी गोळा बाहेर पडायचा. तो ड्रायव्हरच्या हातात गेल्याशिवाय गाडी हलत नसे. काकांना तिने हळूहळू सगळं विचारून घेतलं होतं. करमणूक दुसरी नव्हतीच. संध्याकाळी गाडी गेल्यावर काका तिला यंत्र दाखवायचे, ती नुसतं बोट लावून बघायची.

आणि मग पावसाळा संपता संपता काकांना हिवताप झाला. दोन दिवस अंगावर काढला. तिसऱ्या दिवशी सकाळी ते उठले, कोट चढवला, ऑफिसात जाऊन खुर्चीवर बसले आणि तिथेच टेबलावर कोसळले. अंग नुसतं फणफणलेलं. रुळांचे सांधे बदलणाऱ्या पॉइंट्समनने आणि तिने मिळून त्यांना उचलून ऑफिसातल्याच बाकावर निजवलं. सकाळची गाडी यायला अर्धा तास होता.

"पलीकडच्या स्टेशनाला फोन करून सांगायचं ना," मी म्हणाले.

"फोन होता. पण हे नोकरीत अजून कायम झाले नव्हते गं. आजारी आहे असं दोन दिवस कळवलंच नव्हतं, आता कळवायचं म्हणजे आधीचंही बाहेर येणार. पॉइंट्समन म्हणाला, बाई, मला वाजवायला येत नाय. मी सिग्नल बघतो, रूळ बघतो. तेवढ्यात घंटा वाजली. एक ठोका."

आत्याने मांडीवर बोट एकदाच टेकवलं.

"तिकडचा माणूस हाक मारतोय आणि इकडे कुणी उत्तर देत नाही. परत एक ठोका. मग मी दिला."

"भीती नाही वाटली?"

"नंतर वाटली. तेव्हा वेळच नव्हता. खाणीचे दगड भरलेले डबे आदल्या संध्याकाळपासून उभे होते. ते बाजूच्या रुळावर आहेत ना, हे मी पॉइंट्समनला तीनदा विचारलं. तो तीनदा हो म्हणाला. तरी मी पदर खोचून फलाटावर जाऊन डोळ्यांनी बघून आले. मग त्यांना रस्ता दिला. गाडी आली. मी चार ठोके दिले. परत जायची वेळ झाल्यावर मी दोन ठोके देऊन रस्ता मागितला, गोळा काढला, पॉइंट्समनने ड्रायव्हरला दिला. गाडी गेली. तीन ठोके. संपलं."

"तिकिटं?"

"तीही दिली. खिडकी अर्धी लावून, मान खाली घालून. आणि वहीत गाडीच्या वेळा लिहिल्या. माझ्या अक्षरात."

ते अक्षरच तिच्या मनात राहिलं होतं. संध्याकाळपर्यंत काकांचा ताप उतरला, पुढची गाडी त्यांनीच काढली. पण वहीतलं पान फाडता येत नव्हतं. कुणीतरी साहेब कधीतरी वही उघडेल, बायकी अक्षर बघेल आणि विचारेल, असं तिला वाटत राहिलं. पाच महिन्यांनी काकांची बदली झाली. ती बदली नेहमीची होती की कुणी चुगली केली होती, हे तिला कधी कळलं नाही.

"काका काय म्हणाले?"

"शुद्धीवर आल्यावर वही बघितली. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, यापुढे ऑफिसात पाय ठेवायचा नाही. एवढंच. त्यानंतर जन्मभर तो विषय नाही. मी काढला असता, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून धीर झाला नाही. मला वाटायचं, मी त्यांना मान खाली घालायला लावली."

काका मला चांगले आठवतात. शांत माणूस, पेपर घडी न मोडता वाचणारा. त्यांना मी कधी कुणावर ओरडताना पाहिलं नाही. आत्याचं बोलणं ऐकताना मला पहिल्यांदाच त्यांचा थोडा राग आला.

बुधवारी सकाळी आम्ही बदामाखाली बसलो होतो. हॉटेलचा माळी हिरवळीला पाणी घालत होता. साठीचा असेल, अंगात हॉटेलचा हिरवा शर्ट, डोक्याला टॉवेल. पाइप जमिनीवर ठेवून तो आमच्या जवळ आला आणि आत्याला वाकून नमस्कार करून म्हणाला, "मॅडमनी सांगितलं, मास्तरांच्या बाई आल्यात. तुमी चष्मेवाल्या मास्तरांच्या बाई ना?"

आत्याने नुसती मान हलवली.

"माजा बा हितं पॉइंट्समन व्हता."

आत्याचा हात माझ्या मनगटावर आला. "बसा," ती त्याला म्हणाली. तो बाकावर न बसता समोर उकिडवा बसला.

"बाबा कुठे आहेत?"

"बाला जाऊन लय वर्षं झाली. आई हाय. डोल्यांनी दिसत नाय, पन बाकी बरी हाय." मग तो हसला, तोंडभर. "बाई, तुमी गाडी काढली व्हती ना?"

आत्याचा चेहरा पांढरा पडला. मी तिचा हात धरून ठेवला.

"कुणी सांगितलं तुला?"

"कुनी म्हंजे? सगल्या गावाला ठावं हाय. लहानपनी आमी खेलायचो. एकानं मास्तर व्हायचं, एकानं इंजान. पोरी म्हनायच्या आमी बाई होनार, आमी गाडी काढनार. त्या दिशी फलाटावर भाजीवाल्या बाया व्हत्या, दूधवाले व्हते. खिडकीतनं सगल्यांनी बघितलं. गाडी गेल्यावर बानं सगल्यांना सांगितलं, मास्तरांची नोकरी जाईल, कुनी बोलायचं नाय. कुनी बोललं नाय."

आत्या त्याच्याकडे बघतच राहिली. पन्नासच्या वर वर्षं जे तिने छातीशी धरून ठेवलं होतं, ते या गावात पोरांच्या खेळात होतं.

"म्हणून त्या भाजी आणून द्यायच्या," ती हळूच म्हणाली. मला म्हणाली की स्वतःलाच, कळलं नाही. "त्या दिवसानंतर बायका माझ्या दाराशी येऊन बसायला लागल्या. आधी मास्तरीणबाई म्हणून लांब असायच्या. मला वाटलं, ओळख वाढली म्हणून."

माळी उठायला लागला, मग काहीतरी आठवून परत बसला. "मास्तर बाला काय बोलले ठावं हाय का? बा नेमी सांगायचा. मास्तर बोलले, बाकावर पडून ऐकत व्हतो, मी रोज वाजवतो पन माजा ठोका असा साफ पडत नाय. हिनं माज्यापेक्षा चांगलं वाजवलं."

आता आत्या रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. तिच्या नाकपुड्या फुलल्या.

"असं म्हणाले? तुझ्या वडिलांना?"

"हां."

"आणि मला नाही!" आत्याचा आवाज इतका चढला की फलाटावर टेबल पुसणारी मुलगी वळून बघायला लागली. "पॉइंट्समनला सांगितलं आणि घरात मला एक शब्द नाही! पंचेचाळीस वर्षं एका ताटाला जेवलो आम्ही!"

माळी बिचारा घाबरला. आपलं काही चुकलं का, असं त्याने माझ्याकडे बघून विचारलं. नाही चुकलं, मी म्हणाले. तुमचं काही चुकलं नाही.

दुपारी आत्या नीट जेवली, दोनदा भात घेतला आणि सबंध वेळ काकांवर बोलत होती. काकांना लोणचं कसं मुरलेलंच लागायचं, भांडण झालं की ते कसे चप्पल घालून बाहेर पडायचे, तिला नोकरी करायची होती तेव्हा कसे गप्प बसले. अकरा वर्षांत ती त्यांच्याबद्दल फक्त चांगलंच बोलली होती. आता या तक्रारी ऐकायला मला बरं वाटत होतं असं म्हटलं तर विचित्र वाटेल, पण वाटत होतं. काका खोलीत येऊन बसल्यासारखे झाले होते.

चारच्या सुमाराला ती म्हणाली, "चल, त्या माळ्याच्या आईला भेटून येऊ."

माळ्याचं घर स्टेशनच्या मागे, शेताच्या बांधावरून दहा मिनिटांवर होतं. भात कापून झाला होता आणि मोकळ्या खाचरांत वाल पेरायची लगबग चालली होती. आत्या माझा हात धरून बांधावरून सावकाश चालली. माळ्याची आई अंगणात खाटेवर बसली होती. बारीक, सुरकुतलेली, नऊवारी घोट्याच्या वर.

"कोन गं?" तिने विचारलं.

"मी. स्टेशनातली."

म्हातारीने हात पुढे केला, आत्याचा दंड चाचपला, मग मनगट, मग बोटं. "बाई, तुमी? बांगड्या कुटं गेल्या? त्या दिशी मी भाकर घेऊन आलेली, खिडकीत तुमच्या बांगड्या वाजत व्हत्या. मी म्हटलं, मास्तरांचा आवाज नाय आनि बांगड्या कशा वाजतात?"

"आता घालत नाही," आत्या म्हणाली. "हे गेले ना."

"माजा पन गेला," म्हातारी म्हणाली. "बस."

आत्या खाटेवर तिच्या शेजारी बसली. मग गुडघ्यांवर बोलणं झालं, दातांवर झालं, सुनांवर झालं. गाडीचा विषय परत निघाला नाही. माळ्याच्या बायकोने कोरा चहा दिला, गूळ जास्त घातलेला, आणि आत्याने, जिला डॉक्टरांनी गोड बंद केलं आहे, दोन कप घेतला. उन्हं उतरेपर्यंत आम्ही तिथे होतो. निघताना म्हातारीने विचारलं, "आता कवा?" आणि आत्या म्हणाली, "येईन की. इथेच तर असते मी, भिसेगावात." हे बोलून झाल्यावर ती स्वतःच थांबली. रिक्षाने तासभर लागत नाही. इतकी वर्षं ती एकदाही आली नव्हती.

गुरुवारी सकाळी आत्या पहिल्यांदा आपणहून रिसेप्शनमध्ये गेली. मॅनेजर काउंटरमागे होती. माळ्याने तिला सगळं सांगितलेलं असणार, कारण ती उभीच राहिली.

"आजी, आम्हाला हे बोर्डवर लावायचं आहे. तुमचा फोटो आणि खाली ही गोष्ट. गेस्टना किती आवडेल!"

"मुळीच नाही," आत्या म्हणाली. "माझी पेन्शन थांबवायची आहे का तुला?"

"आजी, इतक्या वर्षांनी कोण थांबवणार?"

"तुला माहीत नाही. वही कुठेतरी असेल अजून." मी समजूत घालायला गेले, पण तिने ऐकलं नाही. मॅनेजरने हट्ट केला नाही. नाव घालणार नाही, गोष्ट घालणार नाही, असं तिने कबूल केलं. "मग निदान चुकलेल्या पाट्या तरी सांगा," ती म्हणाली आणि कागद-पेन पुढे ओढलं.

तो कार्यक्रम दीड तास चालला. महिला प्रतीक्षालय नव्हतं, पार्सल रूम होती. 'गव्हर्नर साहेबांचे दालन' म्हणून लिहिलं होतं तिथे कंदील आणि घासलेट ठेवायचे. बागेतल्या सिमेंटच्या कारंज्याजागी पाण्याचा हौद होता आणि त्यात एकदा म्हैस पडली होती. मॅनेजर लिहून घेत होती आणि मध्येच हसत होती. म्हशीचं मी लावणार, म्हणाली. शेवटी ती यंत्राकडे वळली. "आणि हे कसं वाजवायचं, आजी?"

आत्याने आधी खिडकीतून बाहेर बघितलं, मग माझ्याकडे. मग तिने साडीच्या पदराला हात पुसला आणि दट्ट्या दाबला. त्या पोरीने वाजवलं होतं त्याहून आवाज वेगळा होता. एकच ठोका, गोल आणि पूर्ण. तो संपेपर्यंत तिने बोट उचललं नाही. मग मॅनेजरचा हात धरून तिने तिला चारही प्रकार करून दाखवले आणि मधला वेळ किती ठेवायचा तेही. "घाई करायची नाही," ती म्हणाली. "तिकडे बसलेला माणूस मोजत असतो."

आम्ही शुक्रवारी घरी आलो. त्यानंतरच्या रविवारी नाशिकहून तिच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी समोर मेथी निवडत बसले होते. इकडचं तिकडचं झाल्यावर आत्या सहज म्हणाली, "अगं, तुझ्या जन्माच्या आधी मी एकदा रेल्वे चालवली होती. म्हणजे इंजिन नाही, स्टेशन."

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही, पण आत्याच्या चेहऱ्यावरून कळलं.

"विश्वास ठेवायचा तर ठेव," ती म्हणाली. "नसेल तर ये इकडे, दाखवते. आणि येताना द्राक्षं आण, इथली आंबट असतात."